कॅलिपरची पट्टी आणि माझा अर्ज

माझ्या टेबलापासून रस्ता ओलांडून हेमराज मिस्त्रीचे दुकान अठ्ठावीस पावलांवर आहे. ही पावले मी मोजलेली आहेत. माझ्या पक्षकारांना ती मोजण्याची गरज पडत नाही. अर्ज अर्धा सांगून होतो न होतो तोच ते उठतात आणि तिकडे चालू लागतात.

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणी निवृत्त अधिकारी, कोणी मुख्याध्यापक आपल्या सेवेच्या आठवणी लिहितात. त्यांपैकी निदान तिघांच्या पेन्शनची अडलेली फाइल माझ्या अर्जाने हलली होती. ही आठवण मात्र कोणाच्याही लेखात मला अद्याप आढळलेली नाही. म्हणून यंदा मीच लिहावयास बसलो. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून माझी एकतीस वर्षे झाली. लोक मला मुनशीजी म्हणतात. माझे शिक्षण दहावीपर्यंत झालेले आहे. दहावीत काय झाले, हा या लेखाचा विषय नाही.

बाहेरच्या माणसाला वाटते, अर्ज म्हणजे तक्रार. तसे नाही. अर्ज म्हणजे साहेबाला 'हो' म्हणता येईल अशी वाट करून देणे. माणूस टेबलाशी येतो तेव्हा त्याच्या मनात सगळे एकत्र कालवलेले असते: भावाने बांध फोडला, पटवारी भेटला नाही, सून बोलत नाही, बैल लंगडतो. त्यातून कचेरीच्या कामाचे एक वाक्य वेचायचे, ते मधोमध बसवायचे, वर 'सेवा में, श्रीमान' आणि खाली 'प्रार्थी'. हे सारे हिंदीत. आम्ही घरात मराठी बोलतो, देवापुढे मराठी बोलतो, सरकारपुढे मात्र हिंदी. माझ्या अर्जांना वजन असते, हे कचेरीतले बाबूलोकही मान्य करतात. जिथे दुसरा अर्जनवीस 'पाणी येत नाही' असे लिहील, तिथे मी 'पेयजल के घोर अभाव में प्रार्थी का परिवार व्याकुल है' असे लिहितो. पाणी दोघांनाही एकाच वेळी येते, ही गोष्ट वेगळी.

तऱ्हेतऱ्हेचे पक्षकार पाहिले. लामत्याचे एक गृहस्थ स्वतःच्याच विरुद्ध अर्ज लिहून घ्यायला आले होते. गावात त्यांनी सांगून ठेवले होते की आपण मोठ्या लोकांच्या डोळ्यांत खुपतो, आणि वर्ष लोटले तरी त्यांच्याविरुद्ध कोणी काही करीना. मी लिहून दिला. इतका चांगला उतरला की वाचताना त्यांचा चेहरा पडला आणि हे सगळे खरे आहे की काय, असे त्यांनी मलाच विचारले.

अशा माणसांवर मी पूर्ण पुस्तक लिहू शकेन. परंतु जी घटना लिहायला हवी ती एका बोटभर लांबीच्या अल्युमिनियमच्या पट्टीची आहे, आणि तिच्यात हेमराजला टाळता येत नाही. टाळता आले असते तर मी टाळले असते.

हेमराज आणि मी एका शाळेत, एका बाकावर होतो. त्याने सहावीत शाळा सोडली आणि मामाबरोबर नागपूरला गेला. तिथे बसगाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात बावीस वर्षे काढून तो परतला आणि नेमके माझ्या समोरचे दुकान भाड्याने घेतले. पाटी लावली: 'अल्युमिनियम का हर काम, आर्गन वेल्डिंग'. दुकानात वस्तू घट्ट धरायचा एक शिकंजा, एक ड्रिल, एक छोटा खराद म्हणजे लेथ, गॅसची टाकी आणि आर्गनचे यंत्र. आणि समोर एक बाक, जो सदैव भरलेला. माझ्याही टेबलासमोर बाक आहे.

त्याच्या कामाचे मर्म मला मान्य नसले तरी समजलेले आहे, कारण रोज दिसते. लोखंडाच्या मिस्त्रीकडे वस्तू नेली की तो वेल्डिंग मारतो आणि मोकळा होतो. अल्युमिनियमला तसे चालत नाही. हेमराज वस्तू हातात घेतो, उलटीसुलटी करतो आणि तीन-चार प्रश्न विचारतो. ही जागा हलते का? यावर वजन येते का? पुन्हा कधी उघडायची आहे का? पाणी लागते का? उत्तरे ऐकून तो ठरवतो की ही वस्तू सांधायची, ठोकायची, वाकवायची, की सबंध तुकड्यातून नवीनच कोरून काढायची. बस्स. तेवढ्यावर लोकांचा त्याच्यावर विश्वास बसतो. मी एका पक्षकाराला तीस प्रश्न विचारतो, तरी तो जाताना म्हणतो, "बरोबर लिवलं ना, मुनशीजी?"

एक उदाहरण देतो. एक विज्ञान-शिक्षक शाळेच्या सूक्ष्मदर्शकाची फिरकी तुटली म्हणून पुरवठादाराविरुद्ध तक्रार लिहून घेत होते. माझे दुसरे पान चालू होते. ते तुटकी फिरकी घेऊन 'सहज' पलीकडे गेले. हेमराजने सांगितले की हिला जोडण्यात अर्थ नाही, अंगठ्याएवढ्या वस्तूला सांधा नको. त्याने अल्युमिनियमचा दांडा खरादाला लावला, सबंध तुकड्यातून नवी फिरकी काढली, कडेला बोटे घसरू नयेत म्हणून बारीक रेघा पाडल्या. शिक्षक परत आले, माझे पान वाचले, फार सुंदर भाषा आहे म्हणाले, आणि घडी करून खिशात घालून निघून गेले. तो अर्ज आजही त्यांच्या खिशात असेल.

दुसरे, कटंगीकडचे एक दूधवाले. त्यांच्या कॅनच्या बुडाला बारीक चीर होती. तिथे रिबिट चालत नाही. रिबिट म्हणजे दोन पत्र्यांना आरपार भोक पाडून त्यातून घातलेली आणि दोन्हीकडून डोके ठोकून बसवलेली खिळी. तिच्या भोवतीने दूध पाझरणारच. हेमराजने तिथे गॅसच्या आचेने टाका घातला. मात्र आच देण्याआधी त्याने कपडे धुण्याच्या साबणाची वडी चिरेभोवती घासली. दूधवाल्यांनी विचारले, काहून? हेमराज म्हणाला, "लोखंड तापलं का लाल होऊन सांगते. हे काही सांगत नाही, एकदम खाली बसते. साबण काळा पडला का समजाचं, आता आच हटवाची." बाकावरच्या लोकांनी माना डोलावल्या. साबणाला माना डोलावणारे लोक माझ्या 'व्याकुल' शब्दाला कधी डोलावताना मी पाहिले नाहीत.

माझ्या घरातही त्याचा शिरकाव झालेला होता. डेगचीचा कान तुटला तेव्हा तो मी सुताने बांधून दिला. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "हेमराजभाऊकडे देऊन या. तुमच्या अर्जानं कान लागत नाही." त्याने लावलेला तो कान आजही हलत नाही. मी हलवून पाहतो.

आता मूळ प्रसंग. किरनापूरच्या पुढे एका गावात प्रमिलाबाई नावाच्या अंगणवाडी कार्यकर्त्या आहेत. वय छत्तीसच्या आसपास. लहानपणीच्या पोलिओने त्यांचा उजवा पाय बारीक पडलेला. त्या पायाला कॅलिपर असतो. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना अल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला पट्टे, खाली बूट. पोटरीचा पट्टा उभ्या पट्टीला जिथे जोडतात तिथे एक बोटभर लांबीची वाकवलेली लहान पट्टी असते. बाईंच्या कॅलिपरची तीच पट्टी तडकली होती. अंगणवाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला, कालव्याच्या पाळीवरून जावे लागते. कॅलिपरशिवाय त्यांना ते जमत नाही. आणि त्यांच्या जागेवर गावातल्या एका वजनदार घरच्या सुनेची नजर होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. बाई गैरहजर राहिल्या की कोणीतरी वर कळवत असे.

बाई भावाच्या मोटरसायकलवरून माझ्याकडे आल्या त्या एका दिवसाच्या रजेचा अर्ज लिहून घ्यायला. कॅलिपर त्यांच्या पायात नव्हता. तो आधीच हेमराजच्या शिकंज्याजवळ होता.

"मिस्त्रीदादा म्हणते, घंटाभरात होते," त्या म्हणाल्या. "तवरोक तुमी रजेचं लिहून ठेवा."

'तवरोक'. म्हणजे मुख्य काम तिकडे, आणि ते होईपर्यंत वेळ घालवायला मी. हा शब्द मला लागला हे मी इथे नमूद करतो, कारण पुढचे सारे त्यातून निघाले. मी त्यांच्याकडे कॅलिपरसोबत मिळालेले कार्ड मागितले. शासकीय शिबिरात मिळालेली वस्तू. तिच्या कार्डाच्या मागे अगदी बारीक अक्षरांत छापले होते की विनाअनुमती दुरुस्ती अथवा बदल केल्यास पुढील उपकरणाची पात्रता संपुष्टात येईल. ते वाक्य छापल्यापासून कोणी वाचले नसावे. मी वाचले. मोठ्याने वाचले, पलीकडे ऐकू जाईल असे.

हेमराज बाहेर आला. हातात कानस होती. "मुनशी, बाईले जाऊ दे. चार रिबिटाचं काम आहे."

मी म्हणालो, नियम आहे. बाईंचा पुढचा कॅलिपर गेला तर तू देशील का?

त्याने कॅलिपर बाईंच्या भावाच्या हाती दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या बाकावरून एक माणूस उठून माझ्या बाकावर आला होता, आणि मला फार बरे वाटले. खोटे कशाला लिहू?

दुरुस्तीच्या अनुमतीचा अर्ज घेऊन उपकरणे देणाऱ्या कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या बाबूंनी सांगितले की दुरुस्ती कोणत्या पद्धतीने होणार, ते लिहावे लागेल. मी बाईंना हेमराजकडे पाठवले. स्वतः गेलो नाही. त्यांनी निरोप आणला: तडकलेली पट्टी काढून टाकायची, तसल्याच पत्र्याची नवी कापायची, चार रिबिट मारायचे.

आता कागद माझ्यासमोर होता आणि त्यावर 'रिबिट' लिहायचे होते. मला तो शब्द चपलेच्या दुरुस्तीसारखा वाटला. शासनाने दिलेले उपकरण, त्याला खिळे ठोकण्याची अनुमती मागायची? समोर पाटीवर 'आर्गन वेल्डिंग' हे शब्द झळकत होते. त्यांना वजन होते. आणि मनात दुसरीही गोष्ट होती, जी मी त्या वेळी स्वतःशी बोललो नाही: हेमराजचे वाक्य माझ्या सहीच्या वर, माझ्या अक्षरांत, साहेबांच्या टेबलावर जाणार हे मला सहन होत नव्हते. मी लिहिले, 'आर्गन वेल्डिंग की उन्नत पद्धति से मरम्मत'. 'उन्नत' माझा.

अनुमती मिळायला एकोणीस दिवस लागले. ते दिवस प्रमिलाबाई भिंतीला धरून घरात चालल्या आणि रजेवर रजा लिहून पाठवीत राहिल्या. अनुमतीचा कागद आला तेव्हा मी तो स्वतः घेऊन हेमराजकडे गेलो. बाई आणि त्यांचा भाऊ सोबत होते. हेमराज वाचण्यात कच्चा आहे. मी वाचून दाखवले.

तो म्हणाला, "मी नाही करत."

"काहून?" मी विचारले. "पाटीवर लिहिलं आहेस ना? यंत्र नाही का तुझ्याकडे?"

"यंत्र आहे. पण हे कडक पट्टी होय. कारखान्यात आच देऊन कडक केली असते. वेल्डिंगची आच लागली का टाक्याच्या दोन्ही बाजूले नरम होते. दिसाले चकाचक दिसन. पण बाईचं वजन दर पावलाले तिथंच येते, अन् बाजूनंच तुटन."

"मग रिबिटनं तुटत नाही का?"

"बसची बॉडी रिबिटावर जाते, मुनशी. नागपूर ते बालाघाट, असल्या सडकेनं. वेल्डिंगची असती तं वाटेत तिरोड्यातच राहिली असती."

बाकावरचे लोक हसले. माझ्यावर हसले नसतील. बसवर हसले असतील. परंतु मला ते कळण्याची स्थिती नव्हती. हेमराज बाईंकडे वळून म्हणाला की कागद बदलून आणा, मी उभ्या उभ्या करून देतो. कागद बदलणे म्हणजे मी चुकीचे लिहिले हे लिहून देणे. मी म्हणालो, कागद साहेबांच्या सहीचा आहे, तो बदलत नाही. गावात हेमराज एकटाच मिस्त्री नाही. स्टेशनच्या बाजूला दुसऱ्या एकाकडेही आर्गनचे यंत्र होते. तिथे मी स्वतः बाईंना घेऊन गेलो. त्याने कागद पाहिला, म्हटल्याप्रमाणे वेल्डिंग केले, घासून चकचकीत केले. त्याचा काही दोष नाही. त्याने कागदात लिहिले तेच केले. प्रमिलाबाई कॅलिपर घालून पाच-सहा पावले चालल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या. येताना मी मुद्दाम त्यांना हेमराजच्या दुकानासमोरून चालवत आणले. तो त्यांच्या गुडघ्याखाली पाहत राहिला.

आठव्या दिवशी कालव्याच्या पाळीवर ती पट्टी तुटली. टाक्यावर नाही, टाक्याच्या बाजूला. बाई तोंडावर पडल्या, हनुवटीला टाके पडले, मुलांसाठी नेत असलेले फुटाणे पाण्यात गेले. पुढच्या चार दिवसांत गावातून पुन्हा कोणीतरी कळवले, आणि त्यांना नोटीस आली: वारंवार अनुपस्थितीबाबत सोमवारी पर्यवेक्षिकांच्या भेटीच्या वेळी केंद्रावर हजर राहून कारण दाखवावे, अन्यथा पद रिक्त समजण्याची कार्यवाही होईल.

प्रमिलाबाई गुरुवारी आल्या. भावाच्या खांद्यावर हात ठेवून, हनुवटीवर पट्टी. नोटीस आणि कॅलिपर दोन्ही टेबलावर ठेवले. रागावल्या नाहीत. त्यांनी रागावायला हवे होते.

"मुनशीजी, मिस्त्रीदादानं तं रिबिट सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तुमाले तसंच येऊन सांगतलं. तुमी काहून बदललं?"

एकतीस वर्षांत मला कोणत्याही प्रश्नावर शब्द अपुरा पडलेला नाही. मी कागद शोधू लागलो. कागद समोरच होता.

कार्यालयातल्या बाबूंनी सांगितले की दुसरी अनुमती लगेच देता येईल, पण पहिली दुरुस्ती का तुटली त्याचे कारण लिहावे लागेल, तसा रकानाच आहे. मी 'अज्ञात कारणवश' म्हणालो. हा आमच्या धंद्यातला जुना दोस्त आहे, कोणत्याही रकान्यात बसतो. बाबू म्हणाले, अज्ञात चालणार नाही; एक तर दुरुस्ती करणाऱ्याची चूक लिहा, नाहीतर वापरणाऱ्याची असावधानी. "ज्यादातर लोग असावधानी लिखते हैं, मुंशीजी, झंझट नहीं रहता."

मी टेबलाशी येऊन बसलो. असावधानी लिहिली तर नियमाप्रमाणे बाईंचा पुढचा कॅलिपर जाणार, आणि सोमवारी तोच कागद पर्यवेक्षिकांसमोर त्यांच्याच विरुद्ध उभा राहणार. स्टेशनकडच्या मिस्त्रीचे नाव लिहावे तर त्याच्याजवळ माझ्याच अक्षरातली अनुमती. दुपारी कचेरीसमोर गर्दी असते. दोन जण माझ्या बाकावर वाट पाहत होते, त्यांना मी पुढच्या अर्जनवीसाकडे पाठवले. हेही प्रथमच. मग मी लिहिले: 'मरम्मत की पद्धति अर्जीनवीस ने कारीगर के कथन के विपरीत, अपने मन से लिखी थी. इसी कारण पट्टी टूटी. प्रार्थिया का कोई दोष नहीं है.' खाली माझे नाव. 'अपने मन से' हे शब्द मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा ठेवले. हे कार्यालय आता मला त्या वाक्याने ओळखणार, हे मला माहीत होते. पुढच्या टेबलावरचा अर्जनवीस बाबूंबरोबर रोज चहा घेतो. त्याला ते संध्याकाळपर्यंत कळले असणार.

पद्धतीच्या रकान्यासाठी मला पलीकडे जावे लागले. हेमराज एका झाऱ्याची दांडी ठोकत होता. मी म्हणालो, सांग, मी लिहितो.

त्याने जसे सांगितले तसे मी उतरवले. तडकलेली पट्टी काढावी, तिला जोडू नये. नवी पट्टी तेवढ्याच कडक पत्र्याची असावी. वाकवताना कोपरा धारदार नको, गोल असावा, नाहीतर वाकातच तडा जातो. रिबिट अल्युमिनियमचेच हवेत, लोखंडाचे नाहीत. घाम लागला की दोन धातू एकमेकांना खातात. भोके काठापासून लांब पाडावीत. मी मधे एकदा 'सुदृढता हेतु' असे घालायला गेलो. तो म्हणाला, "थे काय होय?" मी खोडले. सगळा मजकूर सात ओळींचा झाला. त्यात माझे एकही वाक्य नव्हते.

मग त्याने सगळा अर्ज वाचून दाखवायला सांगितले. कारणाच्या रकान्याशी आलो तेव्हा माझा आवाज थोडा उतरला. हेमराजने हातोडी खाली ठेवली.

"एवढं काहून लिहिलं?"

"रकाना होता," मी म्हणालो.

अनुमती शुक्रवारी मिळाली. बाबूंनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या आयुष्यात एका फेरीत, एकही हरकत न येता मंजूर झालेला तो एकमेव अर्ज आहे, आणि तो हेमराजने सांगितलेला आहे. ही गोष्ट मला झोंबते आणि झोंबतच राहणार.

शनिवारी त्याने काम केले. मी त्याच्या बाकावर बसलो होतो, गिऱ्हाइकासारखा. त्याने पत्र्याचा एक कतरा शिकंज्यात धरून वाकवून पाहिला. कतरा परत उसळला, तेव्हा म्हणाला, हा चालन. पट्टी कापली, कडा कानशीने गोल केल्या, बोट फिरवून पुन्हा केल्या. एका जाड नळीवर हळूहळू वाक दिला. भोके पाडली. मग चार रिबिट, एकेक, छोट्या हातोडीने. जोरात नाही, फिरवत फिरवत, डोके बटणासारखे गोल बसेपर्यंत. मध्येच बाईंना कॅलिपर घालायला लावून उभे केले, दोनदा काढून काठ सारखे केले. मग म्हणाला, "आता पाय आपटा, बाई. जोरात." त्यांनी आपटला. पुन्हा आपटला. मला त्याचा हेवा वाटला तो त्याच क्षणाचा. माझ्या कागदावर कोणी असा पाय आपटून पाहू शकत नाही.

सोमवारी मी किरनापूरची बस धरली आणि पुढे ऑटोने बाईंच्या गावी गेलो. मी कोणत्याही पक्षकाराबरोबर जात नाही. परंतु नोटिशीला चार पानांचे उत्तर मी लिहून ठेवले होते, अनुमतीच्या प्रती जोडल्या होत्या, आणि ते वाचून दाखवायला कोणीतरी जाणकार हवा असे मला वाटले. केंद्रात पंधरा-सोळा मुले बसली होती. प्रमिलाबाई उभ्या राहून त्यांना ताटल्या वाटत होत्या. ज्या घराची नजर त्यांच्या जागेवर होती, त्या घरची एक बाई दारात येऊन उभी होती, बघायला.

पर्यवेक्षिका आल्या. मी उत्तराची पाने पिशवीतून काढून हातात धरली. त्यांनी मुले मोजली, रजिस्टर पाहिले, वजनाचा काटा पाहिला. मग बाईंना म्हणाल्या, जरा चालून दाखवा. प्रमिलाबाई ताटल्या ठेवून दारापर्यंत गेल्या, पाळीवर उतरल्या, वळून परत आल्या. दारातली बाई बाजूला झाली. पर्यवेक्षिकांनी नोटिशीवर दोन ओळी लिहून ती फाइलमध्ये घातली. माझी पाने कोणी मागितली नाहीत.

निघताना त्या खाली वाकल्या, बाईंच्या कॅलिपरवरच्या चार गोल डोक्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "ये किसने किया? बहुत अच्छा काम है."

"मिस्त्रीदादानं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हेमराज मिस्त्री, बालाघाट."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बाईंनी माझे नाव घेतले असते तर मला ते तिथेच खोडून काढावे लागले असते. तरीही मी वाट पाहत होतो.